तीन उजवी वळणं

ता. ९ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

आधी हजेरी घेतो, मग कामाचं बोलतो. भावोजी कसे आहेत? पक्षाघातानंतर डाव्या पायावर भार देऊन उभे राहतात असं तू लिहिलं होतंस, आता उजवा पाय काही साथ देतो का? जेवताना ठसका लागायचा तो कमी झाला? बोलवणाऱ्या बाई काय म्हणतात? (त्यांच्या पदवीचं खरं नाव हातभर लांब आहे. न बोलणाऱ्याला बोलतं करतात, म्हणून मी आपलं हेच म्हणणार.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींना खुर्चीतून गाडीत बसवताना कमरेत वाकू नकोस, गुडघ्यात वाक, हे शंभरदा सांगितलं. आजचं एकशे एकावं. भाचेसाहेब आणि सूनबाई त्यांच्या शहरात खुशाल? नातीचे पुढचे दात उगवले, की अजून शिट्टी वाजवतच बोलते? आणि सगळ्यांत शेवटी, आपली म्हातारी कशी आहे? म्हणजे तुझी गाडी. विजेवर चालते म्हणून तिला वय लागत नाही असं थोडंच आहे? बारा वर्षं झाली तिला.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, पण तेल घालून भागतंय. टेबलावर अजूनही लोकांचे पंखे, मिक्सर, शिलाई यंत्रांच्या मोटारी येऊन पडतात. कुणी शिकवलं नाही, उघडून उघडून शिकलो, त्यामुळे उघडल्याशिवाय चैन पडत नाही.

तू विचारलंस की नव्या गाड्यांना असतात तसे कॅमेरे आपल्या जुन्या गाडीला बसतील का. कंपनीच्या माणसानं तुला 'शक्य नाही, नवी गाडी घ्या' असं सांगितलं म्हणे. तो दुसरं काय सांगणार? त्याला गाड्या विकायच्यात. मी भंगारवाल्या दोस्ताकडे चौकशी केली. त्याच्याकडे त्याच कंपनीची, पाच वर्षं नवी, पुढून चेपलेली गाडी आली आहे. तिचे डोळे शाबूत आहेत. नव्या कॅमेऱ्यांची नजर तुझ्या गाडीच्या मागच्या एकुलत्या धुरकट कॅमेऱ्यापेक्षा तीक्ष्ण असते आणि ते नुसतं दाखवत नाहीत, शेजारून काही येत असलं की पडद्याची ती बाजू तांबडी होते आणि गाडी ओरडते. अडचण एवढीच, की ते नव्या पद्धतीनं बोलतात आणि तुझ्या गाडीचा संगणक जुन्या पद्धतीनं ऐकतो. म्हणजे त्यांच्यासोबत नवा संगणकही घालायचा, आणि जिथे प्लग जुळत नाहीत तिथे वायर वायर जुळवायची. हे काम मला नाही जमणार तर कुणाला?

पण एक सांग, हे खूळ आत्ताच का? तीस वर्षं तू नुसत्या आरशांवर गाडी चालवलीस. की भावोजी शेजारी बसून 'आलं, गेलं, थांब, जा' करायचे, त्या समालोचनाशिवाय करमत नाही?

आणि पत्राला एवढा मोठा समास कशाला सोडतेस? कागदाची डावी बाजू रिकामीच. शाळेत तुझ्या बाई वहीत समास सोड सांगून थकल्या होत्या, ते आता आठवलं वाटतं.

तुझा,
दादा

---

ता. २१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. बोलवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, ओळखीच्या माणसाचं बोलणं कानावर पडू दे, म्हणून तर तुला फोन सोडून पत्रं लिहायला लावलीत. 'बोलवणाऱ्या बाई' म्हटल्यावर हे इतके हसले की ठसका लागला. म्हणजे तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं एकदम मिळाली.

आता यांचे अकरा शब्द झालेत. 'पाणी', 'हो', 'नको' स्पष्ट येतात. माझं नाव येतं, पण ते पूर्वी रागावले की घ्यायचे त्या सुरात येतं, त्यामुळे मी दर वेळी दचकते. बाई म्हणतात, पहिल्या दोन वर्षांत जे परत येईल ते खरं, पुढे अवघड होत जातं. त्यांतलं एक वर्ष गेलं. आठवड्यातून तीनदा जायचं, एकही दिवस चुकवायचा नाही. बाईंचं केंद्र सतरा किलोमीटर लांब आणि चाकाची खुर्ची घेणारी बस आमच्या बाजूला येत नाही. तेव्हा गाडी थांबली की यांचं बोलणं थांबलं, एवढा साधा हिशेब आहे. सूनबाई दर रविवारी म्हणते, 'आई, गाडी विका आणि इकडे या.' तिथे असं केंद्र नाही, हे तिला कोण सांगणार? सांगितलं तरी ती म्हणते, 'घरी व्यायाम करता येतात की.'

कॅमेऱ्यांचं तू बरोबर ओळखलंस. हे शेजारी बसून बोलायचे, त्याची सवय झाली होती. आता शेजारी असतात पण बोलत नाहीत, म्हणून जरा चुकल्यासारखं होतं. बाकी काही नाही. वय झालं की माणूस भित्रं होतं, इतकंच.

समासाचं म्हणशील तर हल्ली टेबलावर कागद तिरका धरते, त्यामुळे होत असेल.

तू ये. कधी येतोस ते कळव, म्हणजे अंगण रिकामं करून ठेवते. ते जुने डबे तू मागच्या खेपेला 'कामाला येतील' म्हणून ठेवायला लावलेस, ते अजून कामाला यायचेत.

तुझी,
धाकटी

---

ता. २ एप्रिल

चि. धाकटीस, आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. गाडीत बसल्या बसल्या झोप लागली ती थेट आमच्या स्टेशनावर उतरणाऱ्यांच्या धक्क्यानं मोडली. नऊ दिवस तुझ्या अंगणात पाठीवर पडून काम केलं, पण इतकं बरं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. भावोजी खुर्ची सावलीत लावून बघत बसायचे आणि स्क्रू खाली पडला की बोट दाखवायचे. माझ्यापेक्षा त्यांचीच नजर चांगली.

शेवटच्या दिवशीचं सूनबाईंचं तोंड तू पाहिलंस ना? आल्या आल्या म्हणाली होती, 'मामा, कंपनीला जमत नाही ते तुम्हाला घरी कसं जमेल?' आणि मग पडद्यावर चारही बाजू लखलखीत उमटल्या तेव्हा वाकून वाकून बघत होती! भाचा टाळ्या वाजवत होता, नात बॉनेटसमोर नाचत होती आणि गाडी तिला बघून ओरडत होती. भावोजी 'हो, हो' करत होते. सत्तरी उलटलेल्या माणसाला असा एक दिवस पुरतो गं.

आता नीट वाच. पुढचा, मागचा आणि उजवा कॅमेरा उत्तम आहेत. नव्या कॅमेऱ्यांना रस्ता शिकावा लागतो. पट्टे आखलेल्या रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटर चालवलं की गाडी आपली आपण अंदाज बांधते. तेवढं आपण दोघांनी केलंच. डाव्या दारालगतच्या खांबातली वायर पूर्वी कुणीतरी दुरुस्तीत तोडून जोडलेली निघाली. तिनं एकटीनं माझे अडीच दिवस खाल्ले. पण चित्र येतंय, पाहिलंसच.

एक सांगतो, यंत्र कितीही शहाणं असलं तरी मान वळवून बघायची सवय सोडू नकोस. माझे डबे टाकू नकोस.

दादा

---

ता. १९ एप्रिल

प्रिय दादा,

तुला कसं सांगू काय झालंय! मी पुन्हा माणसांत आले. गेले काही महिने गाडी काढायची म्हटलं की आदल्या दिवसापासून दहादा रस्ता मनात चालवून बघायचे. आता नाही. सकाळी यांना शेजारी बसवते, पट्टा लावते, आणि पडदा उजळला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसतो.

पुढचा जरा आगाऊ आहे. कचऱ्याच्या डब्यालाही ओरडतो. उजवा हुशार. परवा एक मोटारसायकल सुसाट आली, मला कळायच्या आत तो ओरडला. डावा मात्र फारच गुणी आहे हो तुझा! अडीच आठवड्यांत एकदाही आवाज नाही. मला आपलं उगीच वाटायचं की डावीकडून सारखं कुणी ना कुणी घुसतं. तेव्हा आता मी निर्धास्त झालेय आणि लांबच्या रस्त्यानं जाणं सोडून दिलंय. दवाखान्याच्या चौकातून थेट डावीकडे वळून आतल्या रस्त्यानं जाते, दहा मिनिटं वाचतात.

यांचे चौदा शब्द झाले. नवा आलेला 'दादा' आहे. उगीच फुशारू नकोस, बाई म्हणतात तो सोपा असतो.

तुझी,
धाकटी

---

ता. २८ एप्रिल

चि. धाकटीस, आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला. भावोजींना सांग, शब्द सोपा असेना का, मी तो पदरात पाडून घेतलाय.

डाव्या कॅमेऱ्याचं लिहिलंस. तो जरा लाजाळू आहे. एक छोटा जोड मागवलाय, भंगारवाला म्हणतो महिनाभरात येईल. आला की मी येतो आणि सगळ्यांवरून एकदा हात फिरवतो. तोवर डावीकडे वळताना आपल्या डोळ्यांनी बघत जा. तुझे डोळे काय, मैलावरून माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसायचं तुला. काळजीचं काही नाही.

इकडे उन्हानं जीव नकोसा केलाय. कंबर सांभाळ.

दादा

---

ता. ३० मे

दादा,

महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. आता लिहिते.

सतरा तारखेला आम्ही केंद्राकडे निघालो होतो. दवाखान्याच्या चौकात डावीकडे वळताना एका बाईंना माझ्या गाडीचा धक्का बसला. सायकलवर होत्या. शिवणकाम करतात, शिवलेले कपडे पोचवायला निघाल्या होत्या. गाडीच्या डाव्या बाजूला अगदी लगटून येत होत्या आणि मी वळले. त्या खाली पडल्या आणि सायकल त्यांच्या पायावर. जिवावरचं टळलं. पण डाव्या गुडघ्याचा चुरा झालाय. दोनदा शस्त्रक्रिया झाली. तो पुन्हा पुरता वाकणार नाही म्हणतात.

ह्यांनी पाहिलं होतं, दादा. ते डावीकडेच बसतात ना. आणि हे ओरडले, 'थांब!' चौदा शब्दांत हा नव्हता. अगदी पूर्वीसारखा, खणखणीत. मी ब्रेक दाबला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. त्यांनी हाक मारली नसती तर चाक त्या बाईंवरूनच गेलं असतं. रस्त्यात माणसं जमली, कुणी गाडीवर थापा मारत होतं, कुणी मला 'आजी, दिसत नाही का?' म्हणून विचारत होतं. आणि ते विचारत होते ते खरं होतं.

मला दिसत नाही. डावा डोळा गेलाय. काचबिंदू होता, कळायला उशीर झाला. दिवाणखान्यातल्या खुर्चीपासून ते टेबलाच्या कडेपर्यंत सगळ्याला मी डाव्या बाजूनं धडकतेय, गेलं सव्वा वर्ष. कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, गाडी नको. सांगितलं असतं तर तुझ्या भाच्यानं दुसऱ्या दिवशी किल्ली काढून घेतली असती, आणि मग यांचं काय? एकच वर्ष उरलं होतं रे. मला वाटलं, यांचा आवाज परत येईपर्यंत तुझे कॅमेरे माझा डोळा होतील. म्हणून मागितले होते. भित्रेपणा वगैरे काही नव्हतं. तुझ्याशी खोटं बोलले.

तुझ्या कामाला मी बोल लावत नाही, तूही लावून घेऊ नकोस. चौकशीला आलेल्या माणसांनी विचारलं, यंत्र ओरडलं नाही का? मी म्हटलं, ओरडलं असेल, माझंच लक्ष नसेल. परवाना मी स्वतः नेऊन दिला. गाडी अंगणात उभी आहे. केंद्राला जाणं बंद झालं. आणि हे त्या दिवसापासून एक शब्द बोललेले नाहीत. 'पाणी'सुद्धा नाही. खूण करतात.

धाकटी

---

ता. ५ जून

धाकटे,

हे पत्र भावोजींना वाचून दाखवू नकोस. आधी तू एकटी वाच.

यंत्र ओरडलं नाही. ओरडणारच नव्हतं. डाव्या कॅमेऱ्याची फक्त चित्राची तार मी जोडू शकलो होतो. त्याला जे दिसतं ते संगणकापर्यंत पोचत नव्हतं. बाकीचे तिघं रस्ता शिकले, डावा शिकलाच नाही. आठव्या दिवशी पडद्यावर तांबडी खूण येऊ लागली, 'डावी बाजू तपासा'. मी बरंच झगडलो. मग नवव्या दिवशी सकाळी, तुम्ही सगळे चहा घेत होतात तेव्हा, मी ती खूण बंद करून टाकली. संगणकाला सांगितलं की ह्या गाडीला डावीकडे कॅमेराच नाही, म्हणजे तो तक्रार करणार नाही. आणि चित्र तेवढं वेगळ्या वाटेनं पडद्यावर आणून सोडलं.

का केलं ते सांगतो, तू विचारायच्या आत. माझ्या धंद्यातली ही जुनी सवय आहे. रेडिओचा दिवा उगीच लुकलुकला की गिऱ्हाईक घाबरतं, म्हणून आतून दिव्याची तार काढून ठेवायची आणि गाणं वाजतंय ना, मग झालं, म्हणायचं. चाळीस वर्षं असे दिवे काढले. कुणाचं काही बिघडलं नाही. आणि सूनबाई संध्याकाळच्या गाडीनं परत जायची होती. तिच्यादेखत पडद्यावर तांबडं काही दिसू नये, एवढंच त्या सकाळी माझ्या डोक्यात होतं. एवढंच, धाकटे. पुढच्या खेपेला जोड आणून नीट करू म्हटलं. तोवर तुला डोळे आहेत म्हटलं.

तुझं एकोणीस एप्रिलचं पत्र आलं, डावा गुणी आहे, कधी ओरडत नाही. ते वाचलं तेव्हाच मला कळलं होतं, तू त्याच्यावर विसंबून आहेस. त्याच क्षणी उठून फोन करायला हवा होता, गाडीत बसायला हवं होतं. मी काय केलं? 'लाजाळू आहे' असा विनोद लिहिला. बहिणीसमोर हरलो म्हणायला जीभ रेटेना. तुझं पत्र आणि तो अपघात यांच्यात चार आठवडे होते. अठ्ठावीस दिवस. मी ते मोजत बसतो.

तुझ्या कागदाचा समास मी पाहिला होता. त्यावरही विनोदच केला.

मी त्या चौकशीच्या कार्यालयात लेखी देणार आहे. तू अडवू नकोस.

दादा

---

ता. २१ जून

दादा,

पत्र वाचलं. तीनदा वाचलं. यांना दाखवलं नाही, पण यांना कळलंय. पाकिटावरचं तुझं अक्षर दिसलं की ऐकायला मान पुढे करतात. या वेळी मी वाचलं नाही तर त्यांनी तोंड फिरवलं.

तुला एक गोष्ट माहीत नाही, ती सांगते. तू येण्याआधी वर्षभर मी डावीकडे वळतच नव्हते. एकदाही नाही. जिथे डावीकडे जायचं तिथे मी सरळ पुढे जायचे, मग उजवीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा उजवीकडे. तीन उजवी वळणं घेतली की माणूस बरोबर त्याच रस्त्याला लागतं. उजवा डोळा चांगला आहे, उजवीकडचं मला सगळं दिसतं. सतरा किलोमीटरचे तेवीस व्हायचे. घरून अर्धा तास लवकर निघायचे. हे सुरुवातीला वैतागायचे, मग त्यांनाही पाठ झालं, पुढे बोट दाखवून आठवण करून द्यायचे. त्या वर्षभरात कुणाला ओरखडा नाही उमटला.

तुझा पडदा लागला आणि मी ती वळणं सोडली. कारण दादानं केलंय म्हणजे पक्कं असणार. बाबा गेल्यापासून घरातलं सगळं तूच जोडत आलास. तुझ्या हातचं कधी उघडून बघायचं असतं हे मला माहीतच नव्हतं.

तू तोंडातून एक वाक्य काढलं असतंस, 'डावीकडचा जमला नाही गं', तर मी हसले असते, वर चहा दिला असता आणि माझी उजवी वळणं घेत राहिले असते. त्या बाई आज त्यांच्या यंत्रावर बसलेल्या असत्या.

मीही लपवलं, ते मला कळतं. डोळ्याचं सांगितलं असतं तर तू असा गेला नसतास, तेही कळतं. डॉक्टरांनी नको म्हटल्यावर चाकामागे बसणारी मीच, तेव्हा पहिला अपराध माझाच आहे आणि तो मी कुणावर ढकलत नाही. पण मी लपवलं ते माझ्या भीतीपायी. तू सूनबाईला दाखवायला लपवलंस. हे दोन्ही एकाच तागडीत घालायला अजून माझं मन तयार नाही.

आज त्या बाईंकडे जाऊन आले. यंत्र ओरडलं असेल असं मी सांगितलं होतं ते खोटं होतं, हे सांगायचं होतं. त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. म्हणाल्या, 'मला काय करायचंय तुमच्या यंत्राचं? मी तुमच्या आरशात दिसत होते. आरशात माणूस बघतात.'

काही दिवस लिहू नकोस.

धाकटी

---

ता. १४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

लिहू नकोस म्हणालीस, चार महिने पाळलं. आता नाही राहवत.

भावोजींची तब्येत विचारत नाही, ती मला तुझ्याइतकीच माहीत आहे. त्यांना आठवड्यातून तीनदा तूच तर माझ्या स्वाधीन करतेस. भाच्याकरवी निरोप धाडलास, 'मामानं यांना न्यायला हरकत नाही, माझ्याशी बोलायचं कारण नाही', तेव्हा मी दुसऱ्या दिवशी टेबल झाकलं आणि इकडे खोली घेतली. तुझ्या फाटकापासून दोन गल्ल्या. तू त्यांची पिशवी माझ्या हातात देतेस, पाण्याची बाटली बाहेरच्या कप्प्यात आहे असं भिंतीकडे बघून सांगतेस आणि आत जातेस. एवढं करतेस तेही पुष्कळ आहे. पण तुझी कंबर कशी आहे ते मला कळत नाही. उजवा डोळा तपासलास का ते कळत नाही. हे भिंतीला विचारता येत नाही, म्हणून कागदावर विचारतो.

कार्यालयात लेखी दिलं ते तुला भाच्यानं सांगितलंच असेल. साहेबांनी वाचलं, शिक्का मारला, यापुढे कुणाच्या गाडीच्या असल्या यंत्रणेला हात लावायचा नाही म्हणून सही घेतली. मी म्हटलं, बाकी? ते म्हणाले, बाकी तुम्ही घरी जा काका, तुमचं वय झालंय. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. झालं असतं तर बरं झालं असतं.

गाडी कंपनीत नेऊन जुन्या कॅमेऱ्यावर आणली. मी आणलेलं सगळं काढून टाकलं. आता पडद्यावर मागचं तेवढं धुरकट दिसतं, ते पुरतं.

शिवणवाल्या बाईंकडे मी पाच वेळा गेलो. पहिल्या दोन खेपांना त्यांच्या मुलीनं दारातूनच परत लावलं. तिसऱ्या खेपेला बसा म्हणाल्या. गुडघा अर्ध्यावर वाकून थांबतो. त्यांचं यंत्र पायानं चालायचं. मी म्हटलं, मोटार लावून देतो, कोपरानं दाबायचं बटण करून देतो, असली कितीतरी केलीत. म्हणाल्या, 'राग नका मानू, काका. पण तुमच्या हातचं काही माझ्या घरात नको.' दुसऱ्या कुणीतरी बसवून दिली मोटार, बरी चालते. मी गेलो की आता काजं-बटणांचं काम माझ्यापुढे ठेवतात. बटणं लावायला हरकत नाही म्हणतात. मी लावतो. त्या प्रत्येक बटण ओढून बघतात. मला वाईट वाटत नाही. माझ्या कामावर कुणीतरी आधीच असं ओढून बघायला हवं होतं.

आता भावोजींचं एक सांगायचंय, त्यासाठीच बसलोय. बोलवणाऱ्या बाई म्हणतात, परत आलेत ते शब्द नऊच. बाकीचे येतील असं त्या आता म्हणत नाहीत. 'थांब' त्यांनी पुन्हा उच्चारलेला नाही. 'दादा'ही नाही. मी वाट बघत नाही, माझा हक्क नाही. मी तुझ्या वळणांनी जातो, तेवीस किलोमीटर, तीन उजवी. पण मागच्या मंगळवारी पुढचा रस्ता खणलेला होता, पोलिसानं सगळ्यांना दवाखान्याच्या चौकातून डावीकडे वळवलं. मी गाडी उभीच केली. मागे सगळे भोंगे वाजवायला लागले. तेव्हा भावोजींनी मान पार मागेपर्यंत फिरवली, आरशात नाही, खिडकीतून. आणि चांगला हात छातीवरून आडवा घालून माझ्या मनगटावर ठेवला. दाबून ठेवला. एक सायकल गेली. मग आणखी एक. दोन मुली चालत गेल्या. मागचे काय काय बोलत होते, यांनी हात हलवला नाही. मग सगळं मोकळं झाल्यावर त्यांनी हात उचलला, आणि मी वळलो.

त्यांना सगळं माहीत आहे, धाकटे. तू वाचून दाखवलं नसलंस तरी. आणि तरी माझ्या मनगटावर हात ठेवला. तेव्हापासून मला वाटतंय, तुला विचारायला हरकत नाही.

क्षमा कर असं लिहीत नाही, ते तुझ्या मनात येईल तेव्हा येईल, न आलं तरी मी उद्या नऊला फाटकाशी असेनच. पण कंबर कशी आहे, डोळा कसा आहे, तेवढं लिही. टपालानं नको, उगीच वेळ जातो. यांच्या पिशवीत बाटलीशेजारी ठेवलंस तरी मला मिळेल. दोन ओळी पुरेत, समास हवा तेवढा सोड. पण लवकर लिही.

तुझा,
दादा